कुलूपबंद डबा घ्यायचा तर आधी त्याचं तोंड मोजा

रस्त्यालगत कचऱ्याचा डबा ठेवला की थोड्याच दिवसांत तो सगळ्या गल्लीचा होतो. ठेवलेला असतो चहाचे कप आणि वेफर्सची पाकिटं टाकायला. येतात घरच्या पिशव्या, शहाळी आणि बाथरूम फोडल्याच्या गोण्या. यावर उपाय म्हणून बाजारात मुख्यतः तीन वस्तू विकल्या जातात: झाकणाला कुलूप असलेला चाकांचा प्लास्टिकचा डबा, डबा आत बसेल असं गोल तोंडाचं स्टीलचं कपाट, आणि खांबावर लावायचा सौर कॅमेरा. सोसायटी, एएलएम (एका भागातल्या रहिवाशांचा स्वच्छतेसाठीचा गट) किंवा दुकानदारांची संघटना यांतलं काही घ्यायच्या विचारात असेल, तर मुंबईची हवा, पाऊस आणि कचरा उचलण्याची पद्धत धरून प्रत्येक वस्तू कितपत चालते, ते इथे लिहिलं आहे. किमती दिलेल्या नाहीत. प्लास्टिकचा डबा खरं तर वजनावर विकला जातो आणि स्टीलचं कपाट पत्र्याच्या जाडीवर. ह्या दोन गोष्टी लिहून घेतल्या नसतील तर दोन कोटेशनं शेजारी ठेवून काहीच कळत नाही.

पैसे आधी डब्याच्या तोंडावर घाला, मग कुलपावर, आणि उरले तर कॅमेऱ्यावर. विक्रेते हाच क्रम उलटा सांगतात, कारण नफा कॅमेऱ्यात आहे.

तोंड

घरोघरी वापरली जाणारी लहान कचऱ्याची पिशवी १७ × १९ इंचांची असते, म्हणजे रुंदी ४३ सेंमी. भरली की घेर ८६ सेंमी आणि व्यास जवळपास २७ सेंमी. अर्धी भरलेली असली तरी २० सेंमीच्या खाली क्वचितच येते. त्यामुळे १५ सेंमी व्यासाच्या गोल भोकातून ती जात नाही. कप, लिटरची बाटली, दुमडलेली कागदी डिश, चुरगळलेलं पार्सलचं पाकीट मात्र आरामात जातं. भोक १२ सेंमीच्या खाली नेलं तर वडापावची डिश अडकते आणि पुढचा माणूस हातातलं तिथेच वर ठेवून जातो. १३ ते १५ सेंमी हे योग्य माप.

बरेच फॅब्रिकेटर टपालपेटीसारखी आडवी फट काढून देतात, ३० × १० सेंमीची. दिसायला अरुंद वाटते, पण पिशवी मऊ असते, चपटी करून ढकलली की आत जाते. म्हणून क्षेत्रफळ नाही, घेर मोजायचा. ह्या फटीचा घेर ८० सेंमी भरतो, जवळजवळ पिशवीच्या घेराएवढा. १५ सेंमीच्या गोल भोकाचा घेर फक्त ४७ सेंमी. कोटेशनमध्ये ‘छोटं तोंड’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते परत पाठवा.

तोंड वर आकाशाकडे नको. जून ते सप्टेंबर वरून पाणी शिरतं आणि तळाशी काळं पाणी साचतं. तोंड बाजूला हवं, वर पत्र्याची किमान ५ सेंमीची पागोळी हवी. आणि ते फुटपाथकडे हवं, रस्त्याकडे नाही. सकाळी स्टेशनला निघालेला स्कूटरवाला वेग जरासा कमी करून पिशवी भिरकावतो. रस्त्याकडचं तोंड म्हणजे त्याला आमंत्रणच. उतरून, फुटपाथवर चढून, पलीकडून वळून टाकायची वेळ आली की बरेच जण पुढे निघून जातात. (पुढे म्हणजे पुढच्या डब्याकडे, हेही खरं. एकट्या सोसायटीने तोंड बदललं की त्रास शेजारच्या सोसायटीला होतो. शक्य असेल तर अख्ख्या रस्त्याने एकदम करा.)

भोकाची कड दुमडलेली किंवा रबरी पट्टी बसवलेली हवी. कापलेला पत्रा तसाच सोडला तर टाकणाऱ्याचा हात कापतो, आणि तुंबलेलं काढणाऱ्या सफाई कामगाराचा तर हमखास. स्प्रिंगची झडप घेऊ नका. तिला हात लावायला लोकांना किळस येते, आणि खाऱ्या हवेत स्प्रिंग गंजली की ती अर्धी उघडीच राहते. डब्याचा माथा सपाट असेल तर त्यावर कपांची रांग लागते. किमान ३० अंशांचा उतार मागा.

चाकांचा डबा

२४० लिटरचा दोनचाकी डबा साधारण ५८ सेंमी रुंद, ७३ सेंमी खोल आणि १०७ सेंमी उंच असतो. १२० लिटरचा ४८ × ५५ × ९३ सेंमी. दोन्हींसाठी ईएन ८४० हे युरोपीय मानक आहे आणि इथले चांगले कारखानेही ते आकडे पाळतात. मानकात भार लिटरमागे ०.४ किलो धरलेला आहे, म्हणजे २४० लिटरच्या डब्यात ९६ किलो आणि १२० लिटरच्या डब्यात ४८ किलो. हा आकडा डब्याच्या अंगावर उठावात छापलेला असतो. तो नसेल तर पुढे बोलूच नका.

मुंबईत हे डबे मोडतात ते बहुधा ह्याच आकड्यामुळे. विटा-प्लास्टरचं डेब्रिज घनमीटरला सव्वा टनाच्या आसपास भरतं; २४० लिटर भरून ठेवलं तर तीनशे किलो. चाकाचा आस वाकतो, नाहीतर चाकाच्या खोबणीपाशी प्लास्टिक फाटतं. ओला कचरा दाबून भरला तरी भार मर्यादेला टेकतो. शहाळेवाला शेजारी असेल तर साली तळाशी आणि बाकीचं वर, मग सकाळी डबा ओढताना चाक पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकतं आणि सगळा जोर हँडलवर येतो. हँडल तुटलेले डबे दिसतात त्याचं कारण ते.

इंजेक्शन मोल्डिंगचा (साच्यात दाबाने भरून बनवलेला) एचडीपीई, म्हणजे टणक पॉलिथिनचा, डबा घ्या. २४० लिटरचा रिकामा डबा १२-१३ किलोंचा भरला पाहिजे. नऊ-दहा किलोंचा ‘हुबेहूब तसाच’ स्वस्त मिळतो, पण त्याचं झाकण उन्हात वाकतं, आणि झाकण वाकलं की कुलपाचा हूक जुळत नाही. रोटोमोल्डिंगचा (फिरत्या साच्यात बनवलेला) डबा जाडजूड वाटतो; भिंतीची जाडी मात्र सगळीकडे सारखी नसते. तो आवारात चालेल, रोज उलटवायच्या डब्याला नको. डबा ताब्यात घेताना वजनकाटा आणा. दुकानदार हसला तरी आणा.

पेटती विडी-सिगारेट हा एचडीपीईचा शत्रू. हे प्लास्टिक १३० अंशांच्या आसपास वितळतं, आणि सुका कागद पेटला तर डबाच जातो. पानटपरीजवळ डबा असेल तर बाजूला वाळूचं वेगळं भांडं ठेवणं हाच उपाय.

कुलूप: तीन प्रकार, तिन्हींची खोड वेगळी

ग्रॅव्हिटी लॉक सगळ्यात महाग आणि सगळ्यात गैरसमजाचं. डबा गाडीच्या यंत्राने वर उचलून पूर्ण उलटा केला की आतलं वजन सरकतं आणि झाकण आपोआप उघडतं. चावीची भानगड नाही. पण हे चालतं ते कॉम्पॅक्टरला, म्हणजे कचरा दाबून नेणाऱ्या गाडीला, डबा उचलणारा लिफ्टर असेल आणि तो रोज वापरला जात असेल तरच. आपल्याकडे बऱ्याच मार्गांवर दोघे कामगार डबा हाताने गाडीच्या काठावर टेकवून तिरका करतात. तेवढ्या कलण्याने वजन सरकत नाही. मग झाकणाला लाथ बसते आणि झाकण धरणाऱ्या मागच्या पिना जातात. शिवाय खरकटं पाणी त्या यंत्रणेत वाळून बसलं की लिफ्टरवरही ते अडतं. म्हणून खरेदीआधी कॅटलॉग नाही, सफाई चौकीवरच्या मुकादमाला विचारा: आमच्या रस्त्यावरचे डबे लिफ्टरने रिकामे होतात की हाताने? हाताने असं उत्तर आलं तर ग्रॅव्हिटी लॉक विसरा.

त्रिकोणी चावीचं कुलूप म्हणजे विजेच्या पॅनेलला असतं तेच. ही चावी लोहार चाळीत कुणालाही मिळते, तेव्हा सुरक्षितता म्हणून ते शून्य. तरी आमची पसंती ह्यालाच. डब्यात चोरण्यासारखं काही नसतं. झाकण सहज उचलता येऊ नये एवढंच हवं असतं, आणि तेवढं हे करतं. मुख्य फायदा असा की सगळ्या डब्यांना एकच चावी चालते, आणि ती मुकादम, कामगार, वॉचमन अशा पाच-सहा जणांना वाटून ठेवता येते.

साधं लटकतं कुलूप लावायचं तर ४० मिमीचं पितळी, कडी स्टेनलेसची, आणि सगळी कुलपं एका चावीची. नागदेवी स्ट्रीटला अशी जोडी सांगून मिळते. चावीचं भोक खाली येईल असं लटकवा, वर रबरी टोपी असलेलं घ्या. आत तेल घालू नका, त्यावर धूळ बसून कुलूप चिकटतं. ग्राफाइटची पूड फुंकरा.

कुलूप चोरामुळे नापास होत नाही, चावी भलत्याच माणसाकडे असल्यामुळे होतं. रोजचा कामगार रजेवर असतो, बदली आलेला असतो, आणि चावी सेक्रेटरींच्या ड्रॉवरमध्ये असते. बदली कामगार कुलूप पाहून पुढे जातो. दुसऱ्या दिवशी डबा ओसंडतो, झाकण टेकत नाही, टेकत नाही म्हणून कुलूप लागत नाही, आणि तिसऱ्या दिवशी तो उघडा डबा असतो ज्याला कुलूप लटकतंय. चावी गेटवर, दिसेल अशा खिळ्याला हवी.

स्टीलचं कपाट

तोंडाची सगळी करामत इथे जमते, म्हणून ही वस्तू आमच्या मते सर्वांत उपयोगी. फसवणूकही इथेच जास्त. ‘एसएस’ (स्टेनलेस स्टील) म्हणून जे विकतात ते बऱ्याचदा २०२ ह्या हलक्या प्रतीचं असतं. लोहचुंबक लावून पाहण्यात अर्थ नाही; २०२ आणि ३०४ दोन्हींना चुंबक चिकटत नाही. स्टील तपासायचं रसायन मिळतं, एक थेंब टाकला की रंगावरून २०२ ओळखू येतं. विक्रेता थेंब टाकू देत नसेल तर उत्तर मिळालंच. ३०४ मागा, जाडी १.२ मिमीपेक्षा कमी नको, दाराला १.६ मिमी. वरळी, वांद्रे बँडस्टँड, मरीन ड्राइव्ह अशा अगदी समुद्राकाठी ३०४वरही चहाचे डाग पडल्यासारखे ठिपके येतात. तिथे परवडत असेल तर ३१६, नाहीतर आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने धुणं.

लोखंडी पत्र्यावर पावडर कोटिंग स्वस्त पडतं. गंज वेल्डिंगच्या सांध्यापासून आणि तळापासून सुरू होतो, कारण खरकटं पाणी तिथेच थांबतं. घ्यायचंच तर आधी गॅल्व्हनाइज केलेलं (जस्ताचा थर दिलेलं) घ्या आणि भोकं, कापणी, वेल्डिंग सगळं गॅल्व्हनाइज करण्यापूर्वी झालेलं हवं. एक अडचण स्टीललाही आहे: त्याला भंगारात भाव मिळतो. दार उचलून काढता येणाऱ्या बिजागऱ्या असतील तर एका रात्री दारच जातं. सलग पट्टीची पियानो बिजागरी लावून घ्या.

आता मापं. २४० लिटरचा डबा कपाटात ठेवला तर त्याचा काठ शंभर सेंमीच्या वर, म्हणजे तोंडाची खालची कड १०५ ते ११० सेंमीवर जाते. लहान मुलांचा आणि व्हीलचेअरवरच्या माणसाचा हात तिथे पोचत नाही, आणि कचरा खाली पडतो. कपाटही ८० सेंमी खोल होतं. फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा ठेवावी असं भारतीय रस्ते काँग्रेसचं मार्गदर्शन आहे; आपल्या किती फुटपाथवर एवढी जागा आहे ते सांगायला नको. म्हणून कपाटात १२० लिटरचे दोन डबे, शेजारी शेजारी. तोंड ९५ सेंमीवर येतं, खोली ६० ते ६५ सेंमीत बसते, आणि एका डब्याचा भार एक माणूस ओढू शकतो.

कपाट बनवून घेताना ह्या गोष्टी ड्रॉइंगवरच लिहून घ्या:
- दाराला उंबरठा नको. पाच सेंमीच्या उंबरठ्यावरून पन्नास किलोंचा डबा रोज ओढला तर चाक आठवडाभर टिकेल, कामगार तेवढाही टिकणार नाही.
- तोंडापासून डब्याच्या काठापर्यंत आत पत्र्याची घसरगुंडी हवी. नाहीतर निम्मा कचरा डबा आणि कपाट यांच्यामध्ये पडतो, आणि उंदीर तिथेच येतात.
- पाणी जायची भोकं ६ मिमीची, त्याहून मोठी नकोत.
- आतला डबा झाकण काढलेला. कपाटाचं दार त्रिकोणी चावीचं.

बसवताना सगळ्यात जास्त घोळ पायात होतो. पेव्हर ब्लॉकमध्ये बोल्ट ठोकून काही उपयोग नाही. कपाट हलवलं की बोल्ट ब्लॉकसकट वर येतो. चार कोपऱ्यांखाली ब्लॉक काढून साधारण ३० सेंमी घनाचं काँक्रीट घाला, त्यात एम-१२चे बोल्ट. पण खाली केबल असतात. फुटपाथ महापालिकेचा आहे, तेव्हा वॉर्ड ऑफिसच्या घनकचरा विभागाची लेखी परवानगी आधी, खोदकाम नंतर. सोसायटीच्या हद्दीतच कपाट मावेल अशी जागा निघाली तर अर्धी कटकट वाचते.

कचरावेचकांचा प्रश्न

कॅटलॉगमध्ये हा विषय नसतो. सुका कचरा कुलपात गेला की बाटल्या-पुठ्ठ्यावर पोट असलेली बाई रिकाम्या हाताने परतते, किंवा दार वाकवून काढते. दोष तिचा नाही. दोन डब्यांपैकी सुक्याची चावी ओळखीच्या कचरावेचकाला द्या आणि वेळ ठरवा. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेचं परिसर विकास हे काम ह्याच बायकांबरोबर चालतं. ठरवायला माणूस नसेल तर तिथे विचारता येईल. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६च्या नियमांतही कचरावेचकांना सामावून घेण्याचं म्हटलेलं होतं.

सौर कॅमेरा

बाजारातला नेहमीचा कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा, २.८ मिमी लेन्सचा. चित्र सुंदर येतं, सगळा चौक दिसतो, आणि एकही नंबरप्लेट वाचता येत नाही. हिशेब सोपा आहे. नंबर वाचायला पाटीच्या रुंदीवर शंभरेक पिक्सेल पडायला हवेत. कारची पाटी ५० सेंमी, स्कूटरची मागची २० सेंमी. दोन मेगापिक्सेलचं चित्र १,९२० पिक्सेल रुंद, म्हणजे कारसाठी चित्रात साडेनऊ मीटरच रुंदी मावली पाहिजे, स्कूटरसाठी पावणेचार मीटर. २.८ मिमीची लेन्स दहा मीटरवर वीस मीटरहून जास्त रुंदी दाखवते. पाटी वाचायची तर १२ मिमीची लेन्स, चार मेगापिक्सेल, आणि कॅमेरा फक्त गाडी थांबते त्या जागेवर रोखलेला हवा. रात्री पाटी इन्फ्रारेडच्या उजेडात पांढरीफटक होते. शटरचा वेग हाताने कमी-जास्त करता येतो का ते लॅमिंग्टन रोडला दुकानातच पाहून घ्या.

हालचाल ओळखणारा पीआयआर सेन्सर माणसाच्या अंगातली उष्णता आणि आजूबाजूचं तापमान यांतला फरक पकडतो. एप्रिल-मे महिन्यांत हवाच पस्तिशीला टेकते आणि तो फरक उरत नाही, त्यामुळे दुपारी सेन्सर झोपतो. पावसाळ्यात पॅनेल झोपतं. जुलैमध्ये सलग ढगाळ दिवस आले की बॅटरी रात्री मान टाकते, आणि गोण्या रात्रीच येतात. सतत रेकॉर्डिंग लावलं तर दोन मेगाबिटच्या दराने दिवसाला २१ जीबी जातात, ६४ जीबीचं कार्ड तीन दिवसांत पुसलं जाऊ लागतं. सोमवारी घाण दिसली आणि चित्रण शुक्रवारी पाहायला बसलात तर हाती काही नाही. शक्य असेल तिथे सोसायटीच्या मीटरवरून तार ओढा, सौरचा नाद सोडा.

आणि नंबर मिळाला तरी पुढे काय? मुंबईच्या २००६च्या स्वच्छता उपविधींत रस्त्यावर कचरा टाकण्याचा दंड २०० रुपये ठेवला होता. दंड गोळा करणारे क्लीन-अप मार्शल एप्रिल २०२५मध्ये बंद झाले. तक्रार महापालिकेच्या १९१६ ह्या हेल्पलाइनवर किंवा वॉर्डात करता येते, आणि टेम्पोचा नंबर असेल तर तिला वजन येतं. चेहरे व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवणं मात्र टाळा. त्यातून भांडणं होतात, डबा स्वच्छ होत नाही.

भिंतीवर देवांच्या टाइल्स लावायची पद्धत इथे जुनी आहे. थुंकणं थांबतं, कचरा दहा फुटांवर सरकतो.

डब्याने न सुटणारं

डेब्रिजच्या गोण्यांना कुठलाही डबा अडवत नाही, त्या डब्याच्या शेजारी पडतात. तिथे टेम्पो फुटपाथला लागणार नाही असे खांब, आणि सोसायटीत नूतनीकरणाची परवानगी देतानाच अनामत रक्कम. डेब्रिज नेल्याची पावती दाखवल्यावर ती परत. महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे, ती कंत्राटदाराला आधीच सांगून ठेवा. शहाळी, उसाचा चोथा यांना उघडा क्रेट आणि गाडीची वेळ लागते, गोल भोक नाही. सकाळच्या पिशव्यांचं मूळ बहुतेकदा वेळेत असतं: घरोघरचा कचरा नेणारा नऊला येतो आणि घर आठला रिकामं होतं. गेटच्या आत एक डबा सहा ते साडेआठ वॉचमनच्या नजरेसमोर उघडा ठेवला की फुटपाथवरच्या डब्याचा भार चटकन उतरतो, आणि ह्याला खर्च काहीच नाही.

आमचे गुण, पाचपैकी: १२० लिटरचे दोन डबे घातलेलं ३०४चं कपाट साडेचार; २४० लिटरचा त्रिकोणी चावीचा डबा, आवाराच्या आत साडेतीन, उघड्या फुटपाथवर अडीच; ग्रॅव्हिटी लॉक, लिफ्टर असलेल्या मार्गावर चार, नाहीतर एक; सौर कॅमेरा दीड, तारेचा आणि १२ मिमी लेन्सचा तीन.

ऑर्डर देताना सुट्या भागांची यादीही त्याच कागदावर घ्या: दर चार डब्यांमागे एक जादा झाकण, पिनांची एक जोडी, दोन चाकं. झाकण सुटं मिळत नाही असं विक्रेता म्हणाला तर तो डबा घेऊ नका, कारण आधी जातं ते झाकणच.